मर्यादेयं विराजते : मराठी व्यवहारपत्राची कुळकथा



घरांतील जुन्या पेटींत आजोबांच्या हातचें एखादें पत्र सांपडलें, तर त्याच्या आरंभीं बहुधा ‘सा. न. वि. वि.’ अशीं चार अक्षरें दिसतात. साष्टांग नमस्कार, विनंति, विशेष. नमस्काराचा अर्थ आपणांस कळतो, विनंतीचाही कळतो; पण हा शेवटचा ‘विशेष’ तेथें कशासाठीं बसला आहे, असें कोणी विचारलें तर आपण जरा घुटमळतों. आदराच्या पदराला लावलेला आणखी एक गोंडा, असेंच बहुतेकांना वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. ‘विशेष’ हा मैलाचा दगड आहे. नमस्कार झाला, क्षेमकुशल झालें, आतां कामाची गोष्ट येथून सुरू होते, हें वाचणाऱ्यास कळावें म्हणून जुना लेखक तो शब्द तेथें घालीत असे.

सौजन्य कोठें संपतें आणि काम कोठें सुरू होतें, ही सीमा एका शब्दानें आंखणारी लेखनपद्धति आपल्याकडे कशी घडली, तिनें काय साधलें आणि ती कोठें कमी पडली, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे. व्यवहाराचें पत्र स्पष्ट असावें कीं गोड असावें, असा वाद पुष्कळ वेळां ऐकूं येतो. आमच्या पूर्वजांना हा वाद चमत्कारिक वाटला असता. कारण त्यांच्या दृष्टीनें हीं दोन्ही कामें एकाच लेखणीनें आणि एकाच वेळीं व्हावयाचीं होतीं.

या विचाराचें मूळ फार जुनें आहे. कौटिल्याचें अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं इ. स. १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत राजाचीं लेखी शासनें कशीं असावींत याविषयीं एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यांत लेखाचे सहा गुण सांगितले आहेत. मुख्य गोष्ट आधीं आणि बाकीच्या क्रमानें तिच्या मागें, हा अर्थक्रम. पुढें लिहिलेलें मागें लिहिलेल्याच्या आड येऊं नये, हा संबंध. अक्षर, शब्द किंवा अर्थ उणाही नाहीं व अधिकही नाहीं, ही परिपूर्णता. सहज उमगणारा व कानाला बरा लागणारा अर्थ, हें माधुर्य. ग्राम्य शब्द टाळणें, हें औदार्य. आणि लोकांच्या नित्य परिचयाचे शब्द वापरणें, हें स्पष्टत्व. माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व हे तीन गुण एकाच ओळींत बसविले आहेत, हें आपण ध्यानांत ठेवावें. एकासाठीं दुसऱ्याचा बळी द्यावा असें शास्त्रकारास वाटलें नाहीं. पांच दोषही त्यानें मोजले आहेत : मळकें पान व वेडेंवांकडें अक्षर, परस्परविरुद्ध मजकूर, पुनरुक्ति, व्याकरणाच्या चुका, आणि जेथें परिच्छेद हवा तेथें न पाडणें व नको तेथें पाडणें. आजच्या कोणत्याही कचेरींत ही यादी भिंतीवर टांगावी, तिच्यांतला एकही शब्द शिळा ठरणार नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत या परंपरेचा धागा देवगिरीच्या यादवांच्या दरबारापर्यंत नेण्यांत येतो. तेराव्या शतकांतील महादेव व रामचंद्र या राजांचा प्रधान हेमाद्रि, म्हणजे लोकांच्या तोंडचा हेमाडपंत, याच्या नांवावर ‘मेस्तक’ या नांवाचें कारकुनांच्या उपयोगाचें प्रकरण चालत आलें. कोणास कोणता मायना लिहावा, हिशेबाचे कागद कसे मांडावे, अशा गोष्टी त्यांत येतात. मायना म्हणजे पत्राच्या आरंभींचें संबोधन. तीर्थरूप वडिलांस एक, चिरंजीवांस दुसरा, बरोबरीच्या सरदारास तिसरा, हाताखालच्या कामगारास चौथा. आपणांस आज हा निव्वळ डामडौल वाटतो. परंतु मायना वाचतांच लिहिणारा कोण, ज्यास लिहिलें तो कोण, आणि त्या दोघांचें नातें काय, हें एका ओळींत कळत असे. पुढील मजकूर आज्ञा समजावयाचा कीं विनंति, सल्ला समजावयाचा कीं याचना, याचा निर्णय त्यावरूनच होई. म्हणजे मायना हा आदर तर खराच, पण तो पत्राच्या अर्थाचाही एक भाग होता.

या संकेतांपैकीं एक तर मोठा मार्मिक आहे. पत्राच्या आरंभीं ‘श्री’ किती वेळां लिहावा, याचा जुना नियम असा : गुरूस सहा, स्वामीस पांच, शत्रूस चार, मित्रास तीन, सेवकास दोन, पुत्रास व पत्नीस एक. शत्रूला मित्रापेक्षां एक ‘श्री’ अधिक! प्रथमदर्शनीं हंसूं येतें. पण थोडा विचार केला म्हणजे त्यांतला शहाणपणा पटतो. मित्र आपला एखादा सैल शब्द पदरांत घेतो. शत्रु घेत नाहीं. जेथें जिव्हाळा कमी तेथें शिष्टाचार अधिक लागतो. ज्याच्याशीं आपलें भांडण आहे त्याला पत्र लिहितांना लेखणी सर्वांत अधिक संभाळावी, हा धडा त्या चार श्रींत आहे.

अक्षराविषयींही आपल्याकडे कमी विचार झालेला नाहीं. समर्थ रामदासांच्या दासबोधांत एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळें, सरळ, मोकळें असावें. ओळींमधील अंतर सारखें असावें. कागदाच्या चारी बाजूंस जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाहीं. आणि तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, कारण म्हातारपणीं तें आपल्याच कामास येणार नाहीं. मोक्षमार्ग सांगणाऱ्या ग्रंथानें समासाचा विचार करावा, यांत विसंगत कांहीं नाहीं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांस त्रास देऊं नये, हें सौजन्याचें अगदीं पहिलें कलम आहे.

शिवछत्रपतींच्या काळीं या सर्वांस राज्यव्यवस्थेचें रूप आलें. दरबारी भाषेंत फारसी शब्दांचा भरणा इतका झाला होता कीं, त्यांस संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश महाराजांनीं रचविला. त्याच्या दहा वर्गांत एक स्वतंत्र लेखनवर्ग आहे. इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांचीं कामें ठरविणारा जो कानूजाबता मिळतो, त्यांत राजपत्रें तपासून अक्षर किंवा मजकूर उणा-अधिक झाला असेल तो शुद्ध करणें, हें सचिवाचें कर्तव्य म्हणून सांगितलें आहे. एका अक्षराच्या चुकीसाठीं राज्याच्या प्रधानानें डोळे झिजवावे, इतकें पत्राचें महत्त्व होतें. चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका आपण ऐकली असेल. महाराजांनीं सांगितलेलें पत्र लिहावयास वेळ झाला नाहीं, तेव्हां त्यांनीं कोरा कागद पुढें धरून तें संपूर्ण पत्र न अडखळतां वाचून दाखविलें, असें सांगतात. ही गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, पत्राचा सांचा चिटणीसाच्या मनांत किती पक्का बसलेला असे, हें ती चांगलें सांगते.

हा सांचा पाहूं. सर्वांत वर देवतेचें स्मरण. मग मायना. मग लिहिणाऱ्याचें नांव, नात्याप्रमाणें नमस्कारासह किंवा आशीर्वादासह. मग ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जावें’ अशा धर्तीचें एक वाक्य. मग तो आपला ‘विशेष’. आणि त्यानंतर एकामागून एक कलमें. काम संपलें कीं ‘बहुत काय लिहिणें’ आणि ‘हे विनंति’. पत्र वडीलकीच्या अधिकारानें लिहिलेलें असेल तर शेवटीं ‘जाणिजे’. आणि मजकुराच्या अगदीं अखेरीस एक लहानसा शिक्का. पेशव्यांच्या कागदांवर तो ‘मोर्तब सुद’ असा दिसतो, म्हणजे ‘लेख पुरा झाला’. कोठें ‘लेखनसीमा’ असा असतो. महाराजांच्या पत्रांवर तोच शिक्का संस्कृतांत आहे : ‘मर्यादेयं विराजते’. ही मर्यादा येथें शोभते.

या शिक्क्याचें काम केवळ शोभेचें नव्हतें. तो उमटला कीं त्याच्या खालीं कोणास एक ओळही वाढवितां येत नसे. लांब पत्राचे कागद एकाखालीं एक चिकटवीत, त्या सांध्यांवरही मागील बाजूनें शिक्के मारीत, म्हणजे मधला बंद कोणी बदलूं नये. पण शब्द कोणता निवडला आहे पाहा. मर्यादा म्हणजे सीमा. आणि मर्यादा म्हणजे अदबही. आपल्या भाषेनें हे दोन्ही अर्थ एकाच शब्दांत ठेविले आहेत. पत्र कोठें संपतें हें ठाम सांगणें आणि बोलण्यांत पायरी न सोडणें, या गोष्टी मराठी चिटणीसास वेगळ्या वाटत नव्हत्या, याचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाहीं.

आतां कोणी म्हणेल, हें सारें सांच्याचें झालें. आंतल्या मजकुराचें काय? त्यासाठीं एकच उदाहरण घेतों. इ. स. १६७४ च्या सुमाराचें, चिपळुणाजवळ छावणी करून असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांस महाराजांनीं लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. विषय साधा : दाणावैरण जपून वापरा व रयतेस त्रास देऊं नका. नुसता हुकूम एका ओळींत देतां आला असता. पण पत्र कारण सांगतें. साठा आतांच उधळलात तर पावसाळ्यांत कांहीं उरणार नाहीं. घोडीं उपाशीं मरतील. मग माणसें कुणब्यांच्या घरीं दाणा, भाकरी, लांकूड, भाजी लुटावयास जातील. आणि कुणबी म्हणतील, यांच्यापेक्षां मोगल बरे. गवताच्या गंजीजवळ आगट्या पेटवूं नका. रात्रीं दिवा तसाच ठेवूं नका, नाहीं तर एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी वैरण जळून जाईल. राज्यकर्त्याच्या पत्रांत उंदीर आला म्हणून त्याची प्रतिष्ठा उणावली नाहीं. उलट, हुकुमाबरोबर त्याचें कारण देणें म्हणजे हाताखालच्या माणसास समज आहे असें मानणें. आणि हें मानणें हाच वरिष्ठाचा खरा शिष्टाचार होय. त्यांत कोठेंही आर्जव नाहीं, आणि कोणाचा अपमानही नाहीं.

दरबाराप्रमाणें सावकारी पेढ्यांनींही आपली पत्रविद्या उभी केली होती. तिचा उत्तम नमुना म्हणजे हुंडी. पेढीच्या या कागदावर आरंभीं देवाचें नांव, मग ज्या गांवच्या पेढीवर ती लिहिली तीस रामराम, आणि मग मजकूर. रक्कम आंकड्यांत लिहावयाची, अक्षरीं लिहावयाची, आणि एवढ्यावर न थांबतां त्या रकमेचें निमे किती तेंही सांगून त्याची दुप्पट द्यावी, असें लिहावयाचें. शंभराची हुंडी असेल तर ‘निमे पन्नास, त्याची दुप्पट’. एक शून्य वाढविणाऱ्यास तीन ठिकाणीं खोटें करावें लागे. पैसे लगेच द्यावयाचे तर दर्शनी, मुदतीनें द्यावयाचे तर मुदती. बाजारांतील पत असलेल्या सावकारासच मिळावयाचे तर शहाजोग. हुंडी गहाळ झाली तर तिच्या बदली ‘पेठ’, तीही हरवली तर ‘परपेठ’. हुंडी निघाली कीं ज्या पेढीवर ती लिहिली तिला वेगळ्या पत्रानें आगाऊ सूचना जाई. शेंकडों कोसांवरचा मनुष्य केवळ या कागदाच्या विश्वासावर पैसे मोजीत असे. त्या रामरामांत जसा स्नेह होता, तशीच त्या ‘निमे’ शब्दांत काळजी होती. आणि दुसऱ्याचा पैसा बुडूं नये ही काळजी स्नेहाहून निराळी कशी म्हणावी?

सावकारी पत्राचीच एक हृदयद्रावक कथा आहे. पानिपताचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते. वाटेंत भेलशाकडे एका सावकाराचा कासीद सांपडला आणि त्याच्याजवळचें पत्र उघडण्यांत आलें, असें सांगतात. त्यांत पराभवाचा शब्द नव्हता. दोन मोत्यें गळालीं, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाहीं, एवढाच हिशेब होता. मोत्यें म्हणजे भाऊसाहेब व विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे घरोघरचीं माणसें, हें समजावयास पेशव्यांना वेळ लागला नाहीं. साऱ्या महाराष्ट्राचा आकांत त्या पेढीच्या माणसानें आपल्या रोजच्या भाषेंत, तीन रकमांत सांगितला. मोजतां आलें तें त्यानें मोजून सांगितलें. मोजतां आलें नाहीं, तेथें नाहीं म्हणून सांगितलें. वाईट बातमी कशी कळवावी याचा दुसरा धडा मग काय पाहिजे?

पण या पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. मोडी लिपि जलद. आधीं वरची रेघ ओढावयाची आणि मग शब्दांत अंतर न ठेवतां लेखणी पळवावयाची. घाईंत अक्षराला अक्षर मिळे. या उणिवेचें भयंकर स्मारक म्हणजे ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांनीं गारद्यांस दिलेल्या कागदांत ‘धरावें’ असें होतें, तें कोणीं तरी ‘मारावें’ असें केलें, अशी कथा आहे. लोकांनीं तो आळ आनंदीबाईंवर घातला. कथेचा खरेपणा कांहींही असो, तिच्यांतील भीति मात्र खरी आहे. पत्राचा शेवट शिक्क्यानें बांधला होता, सांधे बांधले होते. परंतु मजकुराच्या पोटांतला एक शब्द मोकळा राहिला. ‘जिवंत धरून आमच्या हवालीं करावें, जिवास अपाय होऊं नये’ असें सविस्तर लिहिलेलें असतें, तर एका अक्षरानें एवढा अनर्थ घडता ना. ज्या आज्ञेवर कोणाचें भलेंबुरें अवलंबून आहे, ती एका शब्दावर टांगून ठेवूं नये.

दुसरा दोष तारखेचा. मोठ्या कागदांत सन असे, तोही अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार. अर्थात् शुहूर सन ११६१, इ. स. १७६०-६१. परंतु नित्याच्या पत्रांत पुष्कळदां केवळ चंद्र व महिना किंवा तिथि तेवढी दिसते, वर्षच नसतें. लिहिणाऱ्यास वाटे, पत्र चार दिवसांत पोंचणार, वर्ष कशास लिहावें? राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्यें काढला. पुढें १९३० पासून सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. या व अशा संशोधकांना त्या न लिहिलेल्या वर्षासाठीं किती रात्री जंत्र्या चाळाव्या लागल्या असतील! आपलें पत्र कोण, कोठें आणि किती वर्षांनीं वाचील, हें लिहिणाऱ्यास कधींच सांगतां येत नाहीं.

इंग्रजी अमदानींत नवा कागद, नवें टपाल आणि नवे मायने आले. साहेबाच्या कचेरींतून अर्ज नामंजूर झाल्याचें पत्र येई, आणि त्याखालीं साहेब स्वतःस आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक म्हणवून घेई. इकडे आपल्या लोकांचे अर्ज ‘मायबाप सरकार’ यांच्या चरणांशीं इतके लोळूं लागले कीं, अर्जदारास हवें काय आहे तें तिसऱ्या पानावर सांपडावें. १ जुलै १८७९ रोजीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें, आणि त्या चिमुकल्या जागेंत जुना सांचा बसविण्यासाठीं त्याचीं अक्षरें झालीं : रा. रा., ती. स्व., सा. न. वि. वि., क. लो. अ. सोय झाली खरी. पण अक्षरांमागचा अर्थ हळूहळू निसटला. ‘विशेष’ लिहिला जात राहिला, आणि त्याच्यापुढें काम सुरू करावयाचें असतें हें विसरलें गेलें. मग एक पिढी नुसत्या आदराचीं, विषय नसलेलीं पत्रें लिहूं लागली, आणि तिला कंटाळलेली दुसरी पिढी नुसत्या विषयाचीं, माणूस नसलेलीं पत्रें लिहूं लागली. दोघींनींही ती मर्यादा ओलांडली; एकीनें एका अंगानें, दुसरीनें दुसऱ्या अंगानें.

समजा, आपल्या एखाद्या गिऱ्हाइकाकडे पुस्तकांचे पैसे राहिले आहेत. एक दुकानदार लिहितो, ‘आपल्यासारख्या थोरांस काय लिहावें, आपली कृपा असावी’; गिऱ्हाइकास पैशाची आठवणच होत नाहीं. दुसरा लिहितो, ‘पैसे ताबडतोब पाठवावेत, नाहीं तर इलाज करावा लागेल’. पैसे कदाचित् येतात, गिऱ्हाईक मात्र जातें. जुना चिटणीस काय लिहिता? नांवानें नमस्कार; मग विशेष : अमुक तारखेस अमुक पुस्तकें पाठविलीं, त्यांची रक्कम इतकी, अक्षरीं इतकी, अद्याप पावली नाहीं; अमुक तारखेपर्यंत पाठवावी; पूर्वींच पाठविली असल्यास कळवावें, म्हणजे आमच्या वहींतील चूक दुरुस्त करूं. यांतलें शेवटचें वाक्य सर्वांत महत्त्वाचें. चूक आपलीही असूं शकेल, ही कबुली त्यांत आहे. आणि तिनें मागणीची धार तिळभरही कमी होत नाहीं.

पत्र कागदावर लिहा कीं यंत्राच्या पडद्यावर, वाचणारा मनुष्यच असतो. आपण कोण, त्यास काय मानतों, आपलें काम काय, तें कां आणि केव्हांपर्यंत, आणि आपलें बोलणें कोठें संपलें, एवढें त्यास न शोधतां कळावें, हा त्याचा हक्क आहे. पुढच्या खेपेस ‘वि. वि.’ लिहितांना त्या दुसऱ्या ‘वि’पाशीं क्षणभर थांबावें आणि पुढची ओळ खरोखर कामाची आहे ना, तें पाहावें, आणि सही करण्यापूर्वीं तो लहानसा शिक्का आठवावा. आपल्या शब्दाची मर्यादा आपण आंखली, तर ती शोभतेही.

बहुत काय सांगणें.